काळ्या कोंबड्याच्या मुलखात

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागलं की बेटमा येतं, घाटाबिल्लोद येतं आणि मग पवारांचं धार. इथपर्यंतचा रस्ता आपल्या घरांना पाठ आहे. कुणाची आजी धारची, कुणाचे पणजोबा तिथल्या दरबारी नोकरीत, कुणाची सोयरीक तिथे जुळलेली. धारला जाण्याला आपण प्रवास म्हणतच नाही. पण सरदारपूर-राजगढ मागे टाकून माछलिया घाट चढलात की मुलूख बदलतो. काळी माती संपते, उघडेबोडके डोंगर सुरू होतात, मधूनच ताडाची आणि मोहाची झाडं दिसतात. गाव म्हणून एकत्र असं काही दिसत नाही. प्रत्येक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर एकटं. अशा विखुरलेल्या घरांच्या वस्तीला इथे ‘फलिया’ म्हणतात. हा झाबुआ जिल्हा, भिल्लांचा मुलूख. इंदूरपासून जेमतेम दीडशे किलोमीटर, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो फक्त गुजरातला जाताना गाडीच्या खिडकीतून पाहिलेला असतो.

गेल्या काही वर्षांत मात्र झाबुआचं नाव आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत आलंय ते एका कोंबड्यामुळे. कडकनाथ! पिसं काळी, तुरा काळपट-जांभळा, चोच काळी, पाय काळे, जीभ काळी. कापला तर मांस काळं आणि हाडंसुद्धा काळी. स्थानिक लोक त्याला ‘कालीमासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाचा. इंदुरात छावणीपासून विजयनगरपर्यंत आता ‘यहाँ असली कडकनाथ मिलता है’ अशा पाट्या दिसतात. आपल्या मंडळातली निम्मी मंडळी शाकाहारी आहेत याची मला कल्पना आहे. त्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही, कारण हा लेख खाण्यापेक्षा बाजाराबद्दल जास्त आहे.

मामाची शेड आणि मावशीची धास्ती

मी झाबुआला गेले ते माझ्या मावसभावामुळे. त्याची नोकरी बरी चालली आहे, पण दोन वर्षांपासून त्याच्या डोक्यात शेतीचं खूळ आहे. महूच्या पुढे मित्राची दोन बिघे जमीन पडून होती. तिथे पाचशे कडकनाथ पाळायचे, असं त्यानं ठरवलं. मोबाइलवर यशोगाथा पाहून पाहून त्याचा हिशेबही तयार होता : पाचशे गुणिले हजार. मावशीनं ‘कडकनाथ’ हा शब्द ऐकला आणि जेवण सोडून उठली.

त्याला कारण होतं. माझी आई आणि मावशी, दोघींचं माहेर सांगली जिल्ह्यातलं. २०१८ च्या सुमारास तिकडे एका कंपनीनं कडकनाथची योजना आणली होती. शेतकऱ्यानं पैसे भरायचे, कंपनी पिल्लं देणार, खाद्य-औषध देणार आणि मोठ्या कोंबड्या आणि अंडी ठरलेल्या चढ्या भावानं परत विकत घेणार. मामानं पाऊण लाख भरले, वर शेडसाठी कर्ज काढलं. सुरुवातीचे दोन हप्ते मिळाले, तेव्हा त्यानं आम्हाला इंदूरला पेढे पाठवले होते. मग अंडी उचलायला गाडी येईना, फोन लागेना, खाद्य संपलं. दीडशे-दोनशे कोंबड्या रोज खायला मागतात आणि घ्यायला कुणी नाही. मामीनं शेवटी त्या गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांना फुकट वाटल्या. असं एका मामाचं झालं नाही. महाराष्ट्रभरातले हजारो शेतकरी त्या काळात असे अडकले आणि २०१९ मध्ये पोलिसांत गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यावर आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली होती. बातम्यांत ते गमतीचं म्हणून दाखवलं गेलं. मावशीला त्यात गंमत वाटली नाही.

तर मावशीनं अट घातली : “आधी ताईला घेऊन झाबुआला जा. जिथली कोंबडी आहे, तिथली माणसं काय म्हणतात ते ऐक. मग बोल.” दिवाळीनंतरचे दिवस होते. मका निघाला होता, शेतात हरभरा वर येत होता. आम्ही पहाटे पाचला निघालो.

हाटात

आम्ही हाटाचा दिवस साधून गेलो होतो. झाबुआ जिल्ह्यात आठवड्याचे बाजार म्हणजे निव्वळ खरेदी-विक्री नसते. नातेवाईक भेटतात, निरोप पोचतात, सोयरिकी ठरतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात याच हाटांचं रूप पालटतं आणि त्याला भगोरिया म्हणतात. ढोल, बासरी, पाळणे, रंगीत लुगडी. तेव्हा जाणारे पर्यटक पुष्कळ. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. चांदीच्या कड्यांची दुकानं, मिरच्यांचे ढीग, दोर, कुऱ्हाडीची पाती, साबणाच्या वड्या आणि एका कडेला कोंबड्या.

मला वाटलं होतं तिथे काळंभोर दृश्य असेल. पण शंभरेक कोंबड्यांत खऱ्या कडकनाथ असतील दहा-बारा. बाकी सगळ्या रंगीबेरंगी गावठी. एक बाई दोन कोंबडे पायाला दोरी बांधून बसली होती. तराजू नव्हता. इथे भाव नगावर. भावानं विचारलं, “किलो का क्या भाव?” तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी विचारलं, “दीदी, एक का कितना?” तेव्हा म्हणाली, “छोटा आठ सौ, बड़ा हजार.” भाऊ घासाघीस करू लागला तशी ती शांतपणे म्हणाली, “जल्दी है तो फारमवाला ले जाओ. ये तो घर का है.”

तिच्याशी अर्धा तास बोललो. घरी पंधरा-वीस कोंबड्या, त्यातल्या चार-पाच कालीमासी. पावसाळ्यात बियाणं घ्यायचं असलं, कुणी आजारी पडलं, मुलाच्या शाळेचं काही निघालं, की एक-दोन आणून विकायच्या. कोंबडी म्हणजे घरातली गल्लाच, हवी तेव्हा फोडायची. नवरा आणि मोठा मुलगा गुजरातेत बांधकामावर. या भागातली कितीतरी घरं वर्षातले काही महिने अशीच अर्धी रिकामी असतात. कोंबड्यांचे पैसे मात्र तिचे स्वतःचे. त्याचा हिशेब ती कुणाला देत नाही, असं सांगताना पहिल्यांदा हसली.

मी विचारलं, “तुम्ही स्वतः खाता का?” तर म्हणाली, रोज थोडंच? दिवाळीनंतर देवीला द्यायचा असतो, पाहुणा आला तर, बाळंतिणीला किंवा आजारी माणसाला. काळा कोंबडा आधी देवाचा, मग पाहुण्याचा, उरला तर बाजाराचा. हा क्रम तिनं बोटांवर मोजून सांगितला.

हाटाच्या बाहेर डांबरी रस्त्यावर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. मागे जाळीच्या टोपल्या. हे शहरातल्या दुकानदारांचे लोक. डोंगरातून चालत येणाऱ्या बायांना ते हाटात पोचण्याआधीच गाठतात आणि रोख पैसे देऊन काळे पक्षी उचलतात. पाचशे-सहाशेला घेतलेला कोंबडा संध्याकाळी इंदूरच्या वाटेला लागतो. ज्या बायका त्यांना टाळून हाटात येऊन बसतात, त्यांना दोनशे-तीनशे जास्त मिळतात, पण अख्खा दिवस जातो.

काळा का आणि हळू का

कडकनाथच्या काळेपणामागे एक जनुकीय बदल आहे. त्यामुळे कातडीचा काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, शरीराच्या आतल्या ऊतींतही साठतो. चीनमधली सिल्की आणि इंडोनेशियातली आयाम सेमानी या त्याच बदलाच्या कोंबड्या. चीनमध्येही सिल्कीचं सूप बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात. झाबुआच्या त्या बाईनं हे ऐकलं असतं तर तिला काही नवल वाटलं नसतं. रक्त मात्र कडकनाथचं लालच असतं, आणि अंडं काळं नसतं. फिकट तपकिरी, मलईच्या रंगाचं असतं. कुणी काळी अंडी ‘कडकनाथची’ म्हणून विकत असेल तर सरळ पुढे चालू लागावं.

कडकनाथमध्ये तीन प्रकार मानतात : पूर्ण काळा, पिसांवर पांढरट रेघा असलेला ‘पेन्सिल’ आणि मानेवर सोनेरी छटा असलेला ‘गोल्डन’. उन्हाळा, थंडी आणि तुटपुंजं खाणं सोसायची ताकद तिन्हींत. पण या कोंबडीची एक खोड आहे : ती सहसा खुडूक बसत नाही. अंडी घालते आणि निघून जाते. म्हणून फलियांमध्ये तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवून उबवतात. एका घरात कालीमासी हवी तर गावठीही हवीच. हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो अशा मिश्र कळपात.

दुसरी गोष्ट वाढीची. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. कडकनाथ पाच महिन्यांनी जेमतेम एक-सव्वा किलोचा. वर्षाला अंडी ऐंशी ते शंभराच्या आसपास, तर पोल्ट्रीतली अंड्यांची कोंबडी तीनशेच्या घरात जाते. म्हणजे उद्योगाच्या दृष्टीनं पाहिलं तर हा अगदी नालायक पक्षी. त्याची किंमत त्याच्या हळूपणात आहे, आणि तोटाही तिथेच आहे.

सरकार, शिक्का आणि माही

मध्यंतरी हा पक्षी संपत चालला होता. मागणी वाढली, कापले गेले जास्त, आणि गावठी कोंबड्यांत संकर होत गेला. १९७८ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं झाबुआत कडकनाथचं पैदास केंद्र काढलं. पुढे दारिद्र्यरेषेखालच्या पाचशे कुटुंबांना पक्षी देऊन वाढवायची योजनाही झाली. झाबुआचं कृषी विज्ञान केंद्र ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. आपल्या ग्वाल्हेरच्या वाचकांना हे ऐकून बरं वाटेल. या केंद्रानं हॅचरी चालवली, लसीकरण शिकवलं. कोंबडी खुडूक बसेना, तर तिचं काम इन्क्युबेटरनं घेतलं. एकवीस दिवसांनी निळसर-काळी पिल्लं ट्रेमध्ये चिवचिवू लागली. व्यापार शक्य झाला तो इथून.

२०१२ मध्ये झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टनं भौगोलिक मानांकनासाठी अर्ज केला. सहा वर्षं तो चालला. मध्येच छत्तीसगडनं दंतेवाड्याच्या बाजूनं दावा सांगितला. शेवटी २०१८ मध्ये शिक्का झाबुआला मिळाला. तो मिळाला आहे ‘झाबुआ कडकनाथ काळ्या कोंबडीचं मांस’ या नावाला. नुसत्या ‘कडकनाथ’ या शब्दावर कुणाची मालकी नाही. सांगलीत, नाशकात, हैदराबादेत कुणीही कडकनाथ पाळू शकतो. फक्त त्याला झाबुआचा म्हणता येत नाही. हा बारकावा माझ्या भावाला तिथे जाऊनच कळला.

मानांकनानंतर प्रसिद्धी जोरात झाली. जानेवारी २०१९ मध्ये झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रानं थेट क्रिकेट नियामक मंडळाला आणि विराट कोहलीला पत्र लिहून सुचवलं की खेळाडूंनी कडकनाथ खावा, प्रथिनं जास्त आणि चरबी कमी. पुढे महेंद्रसिंग धोनीनं रांचीच्या आपल्या शेतासाठी झाबुआतून दोन हजार पिल्लं मागवली आणि अख्ख्या देशानं कडकनाथचं नाव ऐकलं. पण गोष्ट सरळ झाली नाही. डिसेंबर २०२० च्या शेवटी इंदुरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले, आठवतंय ना? तो बर्ड फ्लू होता. जानेवारी २०२१ मध्ये तो झाबुआत थांदल्याच्या बाजूच्या एका कडकनाथ फार्मवर पोचला. पक्षी नष्ट करावे लागले, धोनीची ऑर्डर रद्द झाली. नंतर २०२२ मध्ये झाबुआच्याच एका सहकारी संस्थेनं दोन हजार पिल्लं रांचीला पाठवली. एका रोगानं एक सबंध हंगाम कसा जातो, हे तिथल्या माणसांनी आम्हाला सांगितलं, पण कुठलीही तक्रार नव्हती. पाऊस पडला नाही असं सांगावं, तसं सांगितलं.

वहीतला हिशेब

दुपारी आम्ही एका बचत गटाच्या शेडवर गेलो. बारा बायकांचा गट, तीनशे पक्षी. पत्र्याची लांब शेड, पुढे जाळी लावलेलं मोकळं अंगण, त्यात बोरीची झुडपं. दुपारी पक्षी तिथे मातीत अंग घुसळत पडलेले. गटाच्या अध्यक्ष बाईंनी आतून वही आणली. भाऊ आपला मोबाइलवरचा हिशेब घेऊन शेजारी बसला. पुढचा तासभर त्याच्या हिशेबातून एकेक गोष्ट वजा होत गेली.

एक दिवसाचं पिल्लू सत्तर-ऐंशी रुपयांना. पाच महिन्यांत एक पक्षी सहा-सात किलो खाद्य खातो. विकतचं खाद्य दिलं तर अडीचशे रुपये तिथेच गेले. मका घरचा असेल, किडे-गवत अंगणात मिळत असेल तर कमी. लस, औषध, वीज, भुसा. पहिल्या महिन्यात थंडीनं आणि मानमोडीनं शंभरातली दहा-पंधरा पिल्लं जाणार, हे धरूनच चालायचं. मुंगूस आणि रानमांजर वेगळे. असं करता करता विक्रीच्या दिवशी एक पक्षी साडेचारशेच्या आसपास पडतो. घाऊक व्यापारी पाचशे-साडेपाचशे देतो. इंदूरच्या काउंटरवर जो हजार रुपयांचा भाव आपण पाहतो, त्यातले वरचे साडेचारशे-पाचशे रस्त्यात, दुकानात आणि बर्फात जातात. बाईंनी स्वतःच्या मजुरीचा रकाना वहीत ठेवलाच नव्हता.

भावानं विचारलं, “फिर फायदा कहाँ है?”

त्या म्हणाल्या, “फायदा होटल में है. हमारे पास तीन होटल हैं. हर हफ्ते फोन आता है, कितने चाहिए. उतने ही डालते हैं.”

गटाची सुरुवात चाळीस पक्ष्यांपासून झाली होती. दाहोदच्या बाजूचा एक ढाबा आणि झाबुआतली दोन हॉटेलं ठरली, तेव्हा तीनशेवर गेले. पाचशे करायला बँक कर्ज देत होती. बाईंनी नाही म्हटलं. मी मामाच्या गावची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, “वहाँ खाता कौन था?”

मला उत्तर देता येईना. परतीच्या वाटेवर त्याचाच विचार करत होते. मामाच्या शेडमधली अंडी कंपनी नेत होती ती उबवण्यासाठी. त्यातून निघालेली पिल्लं पुढच्या शेतकऱ्याला विकत होती. त्याची अंडी आणखी पुढच्याला. या अख्ख्या साखळीत कडकनाथ खाणारा माणूस जवळजवळ नव्हताच. सगळे पाळणारे. जोपर्यंत नवा पाळणारा मिळत होता, तोपर्यंत जुन्याला हप्ता मिळत होता. आपण त्याला कुक्कुटपालन म्हणत होतो, खरं तर ती पैशांची भिशी होती आणि कोंबडी फक्त पावतीसारखी फिरत होती.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. कडकनाथच्या आधी इमू आला होता, ऑस्ट्रेलियातला पुरुषभर उंचीचा पक्षी. त्याच्या तेलाला, कातडीला, मांसाला सोन्याचा भाव आहे म्हणून दक्षिणेत आणि महाराष्ट्रातही शेतं निघाली. हमी तीच : परत आम्हीच घेऊ. २०१२ मध्ये तमिळनाडूत इरोडजवळच्या पेरुंदुरईतला डोलारा कोसळला. उपाशी पक्ष्यांना चारा घालायची वेळ सरकारवर आली. इमूचं मांस आपल्यापैकी कुणाच्या घरी कधी शिजलं होतं?

उलट जपानी बटेर पाहा. १९७४ मध्ये ती बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रासाठी भारतात आणली गेली. रानातली लाव्ही मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी, पण लाव्ही खाणारे लोक होतेच. त्यांना पाळलेली बटेर मिळाली. पाच आठवड्यांत तयार होणारा पक्षी, छोटी पिंजरेवजा जागा, आणि हैदराबादपासून दिल्लीपर्यंत खानावळीत मागणी. गाजावाजा नाही, हमी नाही, पण पन्नास वर्षं झाली तरी धंदा चालू आहे. खाणारा आधी होता, पाळणारा नंतर आला.

आमच्या ताटात

येताना आम्ही त्या हाटातल्या बाईचा एक कोंबडा घेऊन आलो. पूर्ण हजार देऊन. मावशीकडे शिजवला. शिजवला म्हणजे, दोन वेळा शिजवला. ब्रॉयलरच्या सवयीनं दोन शिट्ट्या केल्या तर मांस चामड्यासारखं. आणखी चार शिट्ट्या, मग जरा नमलं. हळदीचा रंग त्यावर दिसत नाही, तिखटाचा लाल तवंग वर आणि खाली कोळशासारखे तुकडे. माझ्या भाचीनं “जळलंय का?” असं विचारलं. पण चव! मावशीनं सुक्या खोबऱ्याचं वाटण आणि तिच्या माहेरचा कांदा-लसूण मसाला घालून पातळ रस्सा केला होता. त्याला जो दाट, किंचित रानवट वास आला, तो लहानपणी सांगलीला आजीच्या परसातल्या कोंबडीला यायचा. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मामाकडे दोनशे होत्या. एकदाही कुणी असा रस्सा केला नाही. विकायच्या होत्या ना.”

भावानं पाचशेचा बेत सोडला. पूर्णपणे नाही. त्यानं आधी माणसं शोधायला घेतली. ऑफिसातले सहकारी, राजेंद्रनगर आणि लोकमान्यनगरातली मटण खाणारी घरं, महूच्या रस्त्यावरची एक खानावळ. महिन्याला किती घ्याल, किती भावानं, हे लिहून घेतलं. पस्तीस-चाळीसच्या पुढे आकडा जाईना. मग चाळीस पक्षी आणले, त्याच बचत गटाच्या ओळखीनं. शिवाय पाच गावठी कोंबड्याही, अंडी उबवायला. मावशी अजून दर रविवारी विचारते, “किती विकल्या?” किती वाढवल्या, हे ती विचारत नाही. तिचा प्रश्न बरोबर आहे असं मला वाटतं. कुणीही दुर्मीळ मांसाची, दुर्मीळ फळाची, दुर्मीळ कशाचीही योजना घेऊन दारात आला, तर आपल्या घरांतल्या तरुण मंडळींनी एवढा प्रश्न जरूर विचारावा.

जायचं असेल तर

इंदूरहून झाबुआ गाडीनं तीन तास. गंगवाल बसस्थानकावरून बसही मिळते. वडोदऱ्याची मंडळी दाहोदमार्गे पिटोल नाक्यावरून येऊ शकतात. पिटोल हे पद्मश्री मिळालेल्या भिल्ल चित्रकार भूरीबाईंचं गाव. पाऊस संपल्यापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. हाटात फोटो काढण्याआधी विचारा. शाकाहारी मंडळींनी दाल-पानिये चुकवू नयेत : मक्याच्या पिठाचे जाड गोळे पानांत ठेवून गोवऱ्यांवर भाजतात, वर तूप आणि उडदाची डाळ.

कोंबडा घ्यायचा असेल तर तोंड उघडून जीभ आणि टाळू पाहा, तुरा आणि पायाचे तळवे पाहा. संकराची पिल्लंही काळसर निघतात, म्हणून नुसत्या काळ्या पिसांवर जाऊ नका. शक्यतो पाळणाऱ्याकडूनच घ्या. मंद आचेवर निदान दीड तास, किंवा कुकरच्या सहा शिट्ट्या. आणि हाटात बसलेल्या बाईनं हजार सांगितले तर घासाघीस करू नका. रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याला टाळून ती तुमच्यासाठी तिथपर्यंत चालत आलेली असते.